पिवळ्या रंगाची निवृत्ती

शुद्ध पाण्याला रंग नसतो, चव नसते आणि वास तर अजिबात नसतो, यावर नागरिक आणि पाणीपुरवठा खातं यांचं संपूर्ण एकमत आहे. (जंतूंचाही याला आक्षेप नाही.)

खात्याचे तपासनीस रोज सकाळी शेवटच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घेत, त्यात औषधाचे थेंब टाकत आणि नळी एका छापील कार्डाशेजारी धरत. पाण्यात क्लोरीन शिल्लक असलं की ते पिवळं होतं. कार्डावरच्या पिवळ्याशी जुळलं की पाणी सुरक्षित. हे कार्ड अकरा वर्षं जीपच्या पुढच्या काचेपाशी उन्हात राहिल्याने त्यावरचा पिवळा रंग रीतसर निवृत्त झाला होता. आता कार्डही पांढरं आणि पाणीही पांढरं. निकाल शंभर टक्के! (पूर्वी ब्याण्णव असे.)

तपासनिसांनी एकदा नवं कार्ड मागून पाहिलं होतं.

"जुन्यावर पाणी नापास होतं का?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब, सगळं पास होतं."

"मग?"

तपासनिसांनी जुनंच कार्ड पुन्हा जीपच्या काचेपाशी ठेवलं.

एके दिवशी तपासनिसांना मुलीचा फोन आला. तिचं सासर नेमकं शेवटच्या नळावर. "बाबा, छोटीचे जुलाब थांबत नाहीत हो. सलाईन लावलंय." शेजारच्या विभागातून त्यांनी नवंकोरं कार्ड मागून आणलं आणि मुलीच्या नळाचं पाणी तपासलं. कार्ड पिवळंधमक, पाणी पांढरंफटक. ते तडक टाकीवर गेले आणि कोणालाही न विचारता क्लोरीन नियमात लिहिलंय तेवढं केलं. (नियम वाचून काम केल्याची खात्यातली ही पहिलीच नोंद.)

आठवड्यात नात हसतखेळत घरी आली. पाठोपाठ तक्रारअर्जही आला. 'पाण्याला औषधाचा वास येतो.' सह्या एकशे बारा, पहिली विहीणबाईंची.

तपासनीस त्यांच्याकडे धावले. "अहो, त्या वासानेच आपली छोटी वाचली!"

"ते खरंच हो," विहीणबाई म्हणाल्या. "पण आता बरी आहे ना ती?"

संध्याकाळपर्यंत क्लोरीन पूर्ववत झालं आणि जुनं कार्ड जीपमध्ये परतलं. तपासनीस तेवढं मुलीला बजावून आले, "छोटीचं पाणी उकळूनच दे गं."

आता तुम्ही जरा तुमच्या हातातला पेला नाकाशी नेऊन बघा. काही वास नाही ना? म्हणजे तुमच्याही तक्रारीची दखल घेतली गेली आहे.