साहेबांचं वजन उतरवताना

साहेबांचं वजन दर रविवारी घरीच करायचं असं मी ठरवलं, तेव्हा त्यात काही चुकेल असं मला वाटलं नव्हतं. (एरवी मला सगळ्यातच काहीतरी चुकेल असं वाटतं. कुकरची शिट्टी झाली की मी दचकते, आणि कुकर मीच लावलेला असतो.)

साहेब म्हणजे आमचा कुत्रा. वय तेरा. दिवसभर झोपायचं, मध्येच एक डोळा उघडून बाकीचे कामाला लागलेत ना ते बघायचं आणि परत झोपायचं, यावरून नवऱ्याने ठेवलेलं हे नाव. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला पहिल्याच दिवशी आपलं मानलं ते साहेबांनी. सासूबाईंचा विचार अजून चालू आहे. तर या साहेबांना आमचे तीन मजले चढवेनात. पहिल्याच वळणावर ते बसकण मारायचे आणि आम्ही त्यांना उचलून वर आणायचो. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी गुडघे दाबून पाहिले, वजन केलं. चौदा किलो.

सहा आठवड्यांत साडेबारावर आणा, असं त्या म्हणाल्या. पण उपाशी ठेवायचं नाही. म्हाताऱ्या कुत्र्याला उपाशी ठेवलं तर चरबी राहते बाजूला आणि अंगातलं मांस झडतं. मोजून उकडलेलं चिकन, भोपळा, गाजर, दोन्ही वेळा थोडं चालणं, असा कागद त्यांनी लिहून दिला.

सासूबाईंनी त्यावर आपला निकाल जोडला. जमलं तर ठीक, नाहीतर साहेब कायमचे नणंदेकडे. नणंदेचं घर तळमजल्यावर आहे, पुढे अंगण आहे, आणि तिथे (हे त्या नुसत्या नजरेने म्हणाल्या) कुणी धांदरट नाही. मग त्या स्वतःच सहा आठवडे लेकीकडे राहायला गेल्या. बहुधा साहेबांसाठी कोपरा बघून ठेवायला.

मी जिवाच्या कराराने कामाला लागले. भोपळा ग्रॅममध्ये तोलला. गाजराचे तुकडे अक्षरशः मोजले. घरातला मोह आधी हटवायचा, म्हणून बिस्किटांचे चार डबे संपवायला घेतले. नवरा गोड खात नाही, आणि अन्न टाकायचं कसं? शिवाय साहेबांसमोर जेवणं मला जमेना. ते ताटाकडे असे बघायचे, की मी अर्धं जेवण सोडून उठायची आणि बाथरूमचं दार लावून ब्रेड-बटर खायची. त्यात मला काळजी लागली की काहीतरी कुरतडायला लागतं, आणि काळजी तर अखंड चालू होती.

वजन करण्याची तऱ्हा अशी. साहेब काट्यावर उभे राहत नाहीत. ते काट्यावर आडवे होतात आणि अर्धे फरशीवर उरतात. म्हणून मी त्यांना कडेवर घेऊन काट्यावर उभी राहायची आणि आलेल्या आकड्यातून माझे बावन्न वजा करायची. पहिल्या रविवारी साडेसहासष्ट भरले. म्हणजे साहेब साडेचौदा. दुसऱ्या रविवारी पंधरा.

कुणीतरी त्यांना चोरून खायला घालत होतं. मी नवऱ्याला गाठलं.

"खरं सांग, तू त्यांना काय देतोस?"

"काही नाही."

"माझी शपथ?"

"मंगळवारी चीजचा तुकडा दिला. नखाएवढा."

"आणखी?"

"आणखी काय, नख दाखवू?"

नखाने अर्धा किलो वाढत नाही. मग मी खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना इतक्या आडवळणाने विचारलं, की त्यांना आपल्यावर चोरीचा आळ आला असं वाटलं, आणि त्यांनी साहेबांना जिन्यात ओळख देणं बंद केलं. कचऱ्याचा डबा मी कपाटात कोंडला. तरी चौथ्या रविवारी सोळा. सासूबाईंचा फोन आला की मी "उतरतंय, आई" म्हणायची, आणि त्या "किती?" म्हणाल्या की रेंज जायची. नणंदेने साहेबांसाठी नवं पांघरूण घेतल्याचं मात्र स्पष्ट ऐकू आलं. सहाव्या रविवारी साडेसोळा.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सासूबाई ते पांघरूण घेऊनच आल्या. मी सकाळपासून रडून डोळे सुजवले होते. नवरा साहेबांच्या पाठीवरून हात फिरवत होता, जणू स्टेशनवर निरोप द्यायला आलाय. डॉक्टरीणबाईंच्या मोठ्या काट्यावर साहेब ऐसपैस आडवे झाले.

"बारा किलो चारशे. शाब्बास," बाई म्हणाल्या.

मी त्यांना म्हटलं, तुमचा काटा बिघडलाय. घरी काल साडेसोळा भरलेत. त्यांनी शांतपणे मी घरी वजन कसं करते ते विचारलं. मी कडेवर घेण्यापासून बावन्नपर्यंत सगळं सांगितलं.

"आणि हे बावन्न कधी मोजलं होतंत?"

"मोजायचं काय त्यात? फॉर्मवर लिहायची ना मी."

"कुठल्या फॉर्मवर?"

"कॉलेजच्या," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच मला कळलं. घरात कुणीतरी चोरून खात होतं, ते खरंच होतं.

नवरा छताकडे बघायला लागला. सासूबाई मात्र हसल्या. लग्नानंतर माझ्यासमोर पहिल्यांदाच, आणि पदर तोंडाला लावून, खुर्ची धरून हसल्या. "असू दे गं," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "साहेब आपल्याकडेच राहायचे. चार किलोंचा हिशेब लागला. बाहेर कुठे गेले नाहीत, घरातच आहेत." मग त्यांनी पांघरूण माझ्या हातात दिलं आणि मला आणखी रडू आलं.

घरी आलो. साहेबांनी खाली जिन्याकडे एकदा पाहिलं आणि चढायला लागले. पहिलं वळण, दुसरं वळण, कुठेही बसले नाहीत. पाठोपाठ सासूबाई, मग नवरा, शेवटी पांघरूण घेतलेली मी. वरून दार उघडल्याचा आवाज आला, सगळे कौतुकाने काहीतरी बोलत होते. मी दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून, जरा श्वास घेत उभी होते, तेवढ्यात सासूबाईंचा आवाज जिनाभर घुमला. त्या नवऱ्याला सांगत होत्या,

"अरे, साहेब पोचले. आता खाली जा आणि हिला उचलून आण."