आम्ही क्लोराइड झालो त्याची गोष्ट

अवघड गोष्ट मुलांना सोपी करून सांगावी ती मीच. मी वर्गात अणू शिकवायचो, तेव्हा शेवटच्या बाकावर झोपलेली मुलंसुद्धा उठून बसायची. त्यामुळे आमच्या नातीने, म्हणजे चिंगीने, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात भाग घेतला, तेव्हा तिच्या टेबलाशी मदतीला कोण उभं राहणार याबद्दल मला तिळभरही शंका नव्हती.

शंका समोरच्या दारातून आली. तिथे प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एक बाई राहायला आल्या आणि चिंगी त्यांना मावशी म्हणू लागली. आता चिंगीची आई ही आमची एकुलती एक लेक. मावशी निर्माण व्हायला काही मार्गच नव्हता. तरी झाली. दात घासताना मावशी, जेवताना मावशी.

"आजोबा, मावशी म्हणते, संथ इलेक्ट्रॉनसुद्धा रेणू तोडतो."

"काहीतरीच. जोरात आपटल्याशिवाय काही तुटतं का?"

"तुटतं. जोरातला कितीदा तरी नुसता निघून जातो. सावकाश आलेला रेणूतच जाऊन बसतो. मग आतल्या दोन अणूंना एकमेकांजवळ राहवत नाही. सरकत सरकत सुटतात ते."

ती खेळायला गेल्यावर मी गुपचूप पुस्तक काढलं. बाईंचं बरोबर होतं. त्या चुकल्या असत्या, तर मी त्यांच्यावर किती माया केली असती.

"प्रदर्शनाला मावशीला बोलावू?" चिंगीने संध्याकाळी विचारलं. "ती छान चित्रं काढून सांगते."

"चित्रं?" मी म्हणालो. "मी तुला जिवंत रेणू दाखवतो. रविवारी बघ, मग ठरव."

लेक आणि जावई घरूनच काम करतात, त्यामुळे चाकांच्या दोन खुर्च्या घरात होत्याच. रविवारी मी त्या बैठकीच्या खोलीत समोरासमोर मांडल्या, दोघांना बसवलं आणि एकमेकांचे हात धरायला लावले.

"बाबा, माझी कंबर धरलीय," लेक म्हणाली.

"तू कार्बन आहेस. कार्बनला कंबर नसते."

"आणि मी कोण?" जावयांनी विचारलं.

"तुम्ही क्लोरीन."

"तो विषारी असतो ना?"

"असतो," लेक म्हणाली.

"हे धरलेले हात म्हणजे बंध," मी चिंगीला सांगितलं. "आता बघ वेगवान इलेक्ट्रॉन."

मी स्वयंपाकघराच्या दाराकडून झपाट्याने निघालो, वाकून त्या हातांखालून पार झालो आणि थांबायचं राहून गेल्यामुळे थेट खिडकीच्या पडद्यात शिरलो. पडदा दांडीसकट माझ्या डोक्यावर आला.

"रेणू शाबूत आहे," जावई म्हणाले.

"आणि पडदा?" स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.

"पडदा प्रयोगाचा भाग नाही," मी पडद्याच्या आतून म्हणालो.

जागा वाढावी म्हणून चिंगीने जावयांच्या पाठीमागचं बाहेरचं दार सताड उघडलं. आता खरा प्रयोग. "मी सावकाश येऊन तुमच्या हातांवर टेकेन," मी दोघांना बजावलं. "टेकलो की पायांनी मागे रेटायचं. हळूच."

पडद्याची दांडी तशीच खांद्यावर घेऊन मी बागेत फिरायला आल्यासारखा आलो आणि टेकलो. माझं वजन मी हिशेबात धरलं नव्हतं. हात सुटले, मी मागे कलंडलो तो जावयांच्या मांडीवर. रविवार लवकर मोकळा व्हावा म्हणून त्यांनी तेवढ्यात जीव खाऊन रेटा दिला होता. लेक पुस्तकांच्या कपाटावर जाऊन आदळली. आम्ही दोघे उंबरा नसलेल्या दारातून बाहेर पडलो, गुळगुळीत फरशीवरून मागच्या मागे निघालो आणि समोरच्या दारावर धाडकन थांबलो.

दार उघडलं. सासरा जावयाच्या मांडीवर, खांद्यावर पडद्याची दांडी. काहीतरी बोलणं भाग होतं.

"आम्ही क्लोराइड आहोत," मी म्हणालो.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आमच्या घरात कपाटाला टेकलेल्या लेकीकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले. "अगदी असंच होतं. बंध तुटतो आणि इलेक्ट्रॉन क्लोरीनबरोबर निघून जातो. झाला क्लोराइड. चित्रात हे दाखवताच येत नाही मला."

तुम्हाला सांगतो, छाती फुगली. जावई खालून कण्हले.

"त्यात कसला आलाय प्रयोग?" बायको हात पुसत दारात आली. "रोज संध्याकाळी टीव्हीसमोर या दोघांच्या मधोमध कोण येऊन बसतं?"

लेक पुस्तकं गोळा करू लागली. जावई माझ्या पाठीमागे होते, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसला नाही. पण ते हलत होते, आणि ते कण्हणं नव्हतं.

"आजोबा, ठरलं," चिंगी म्हणाली. "प्रदर्शनाला तुम्ही हवेतच."

मी बाईंकडे असं पाहिलं, की त्यांनी तेव्हाच घर बदलायला हवं होतं.

"समजावून मावशी सांगेल," चिंगी पुढे म्हणाली. "तुम्ही फक्त सावकाश येऊन बसायचं. आणि मध्ये बोलायचं नाही हं. इलेक्ट्रॉन बोलत नाही."

गेलो. दिवसभर येऊन येऊन बसलो, चकार शब्द काढला नाही. बाईंनी समजावलंही बरं. पण खरं सांगू? माझ्याइतकं सावकाश बसणं त्यांना काही जमलं नसतं.