मावशांची निगा

फाइलकाकांनी घरबसल्या जुन्या पुस्तकांचा ऑनलाइन धंदा सुरू केला आणि पहिल्याच आठवड्यात काकूंनी तो चार दिवस बंद पाडला. काकांनी वेबसाइटवर 'दुर्मिळ' असे लिहिले होते. काकूंनी छापखान्यात बत्तीस वर्षे प्रुफे तपासली होती. 'मि' दीर्घ होईपर्यंत त्या घरातून एकही पुस्तक बाहेर जाऊ देईनात.

काका विमा कार्यालयातून निवृत्त झालेले. अख्ख्या नोकरीत एकही फाइल हरवली नाही म्हणून सहकाऱ्यांनी दिलेले नाव त्यांना कायमचे चिकटले होते. आता ते रद्दीच्या दुकानांतून पुस्तके उचलून आणत. पलंगाखालची जागा केव्हाच संपली होती, आणि कपडे धुवायचे तर आधी वॉशिंग मशीनवरून कायद्याचे अकरा खंड उतरवावे लागत.

अशाच एका गठ्ठ्यात काकांना काचेच्या टाकीत मासे पाळण्याविषयीचे एक पातळसे पुस्तक सापडले. मुखपृष्ठावर 'माशांची निगा' असेच होते, पण आत छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याने कुठून कोण जाणे एक जास्तीचा 'व' घुसवला होता आणि तो शेवटपर्यंत इमानाने निभावला होता. 'मावशांना दिवसातून दोनदाच खायला घालावे.' 'मावशांचे पाणी दर आठवड्यास बदलावे.' 'एका टाकीत पाचांहून अधिक मावशांची गर्दी करू नये.' प्रकाशकाने घाबरून सगळ्या प्रती लगद्याला घातल्या होत्या. वाचलेल्या दोन-चारांपैकी ही एक.

पुस्तक वेबसाइटवर टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी एका संग्राहकाचा फोन आला. हे गृहस्थ फक्त चुकीची छापलेली पुस्तके जमवत. चौदा वर्षांपूर्वी एका वाचनालयात त्यांनी हे पुस्तक पाहिले होते, तेव्हापासून ते त्याच्या शोधात होते. त्यांनी किमतीची घासाघीसही केली नाही. काकांना आभाळ ठेंगणे झाले. चांगला खोका आणायला बाहेर पडताना ते काकूंना सांगून गेले, की तेवढे पुस्तक जरा नीट करून ठेव.

त्यांच्या मनात कव्हर घालायचे होते. काकूंनी बत्तीस वर्षे या वाक्याचा जो अर्थ घेतला होता, तोच घेतला.

काका परतले तेव्हा काकू लाल पेनाला टोपण लावत होत्या. प्रत्येक जास्तीचा 'व' खोडलेला होता आणि समासात रीतसर खूण होती.

"चाळीस ठिकाणी होतं," काकू म्हणाल्या. "असं पुस्तक पाठवलं असतं तर नाक कापलं गेलं असतं आपलं."

"अगं, तो माणूस चुकांसाठीच घेतोय ते."

"मग बरंच झालं की. आता एकही शोधावी लागणार नाही त्याला."

काकांनी कपाळावर हात मारला आणि खोडरबर घेतला. अकराव्या पानावरची मावशी गेली, पण तिच्याबरोबर कागदही गेला आणि त्या भोकातून तेराव्या पानावरची मावशी डोकावू लागली. औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या भाच्याने एक द्रावण दिले. त्याने लाल शाई गेली नाही, गुलाबी होऊन पसरली. ओली पाने वाळवायला काकांनी इस्त्री फिरवली, तर दोन पाने पापडासारखी वळली. काकूंनी हे सगळे लांबून पाहिले आणि एवढेच विचारले, की पुस्तक खराब कोणी केले म्हणायचे.

खोटे बोलणे काकांना कधी जमलेच नव्हते. त्यांनी संग्राहकाला फोन करून घडले ते सांगितले. संग्राहकाने फक्त पत्ता विचारला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ते स्वतःच दारात उभे राहिले.

घरात पुस्तके नसलेली एकच खुर्ची होती, तिच्यावर ते बसले. मयताला आल्यासारखा चेहरा करून त्यांनी एकेक पान उलटले. शेवटी पुस्तक मिटून ते काकूंना म्हणाले, "निदान काम तरी पुरं करायचं. एकेचाळीस चुका आहेत यात. मी वाचनालयात बसून मोजल्यात. प्रस्तावनेतली राहिली तुमची."

"राहिली नाही. सोडली," काकू म्हणाल्या. "लेखक म्हणतो, 'या कामी माझ्या दोन्ही मावशांचे मोलाचे साहाय्य झाले.' त्या खऱ्या मावशा आहेत. मासे कशाला साहाय्य करतील?"

संग्राहकाने ते वाक्य तीनदा वाचले आणि त्यांचा चेहरा उतरला. गेली नऊ वर्षे ते छापील चुकांची एक मोठी सूची तयार करत होते. पुढच्या आठवड्यात ती छापायला जायची होती आणि तिच्यात पहिल्याच पानावर या पुस्तकापुढे एकेचाळीस हा आकडा होता. त्यांनी पिशवीतून जाडजूड हस्तलिखित काढले आणि जरा चाचरतच काकूंच्या पुढ्यात ठेवले. एकदा नजर घालाल का, असे त्यांनी विचारले.

काकूंनी पहिले पान पाहिले, दुसरे पाहिले. त्यांच्या भुवया वर चढल्या. "दोन पानांत सात चुका आहेत," त्या म्हणाल्या.

काका डोळे मिटून उभे राहिले. पेनाचे टोपण निघाल्याचा आवाज त्यांना आला, पण पुढे कागदावर काही खरखरले नाही. त्यांनी डोळे उघडले तर काकू पेन हातात धरून थांबल्या होत्या. लग्नाला छत्तीस वर्षे झाली होती, पण असे त्यांनी पहिल्यांदाच पाहिले.

"आधी विचारून घेते बाई," काकू म्हणाल्या. "चुका काढायच्या, की ठेवायच्या?"

संग्राहकाने पहिल्या पानावरच्या एकेचाळीस या आकड्यावर बोट टेकवले.

"पहिल्या आवृत्तीत असू द्यात," ते म्हणाले.

काकांनी तिथल्या तिथे वीस प्रती आपल्यासाठी राखून ठेवायला सांगितल्या.