मयेकरकाकांचे टोकदार कंस

मयेकरकाकांना कुठेही रिकामी चौकट दाखवू नये. वेबसाइटने नाव विचारलं की माणसं नाव लिहितात. हे गृहस्थ < > अशा टोकदार कंसात संगणकासाठी एक हुकूम लिहितात, बटण दाबतात आणि हाताची घडी घालून वाट बघतात. वेबसाइट शहाणी असली तर ती अक्षरं नुसती दिसतात. बावळट असली तर ती हुकूम पाळते आणि पडद्यावर पाटी येते: ‘दार उघडं आहे. – मयेकर.’ मग काका दिवसभर खूश.

पुतणीच्या लग्नाच्या वेबसाइटवर शुभेच्छांसाठी जागा होती. काकांनी तिथेही हाच प्रयोग केला. हेदवीची सासरची मंडळी पान उघडायची, तर आधी पाटी: दार उघडं आहे. मुलाच्या आत्येने त्यातून काय अर्थ काढला देव जाणे, पण काकांचा सख्खा भाऊ त्यांच्याशी सहा महिने बोलत नव्हता. “भोक दाखवून उपकार केले मी त्यांच्यावर,” काका मला म्हणाले. “पण उपकाराची किंमत हाय कोणाला?”

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आमची चौदा माणसांची कंपनी आहे. मासळी गोठवणाऱ्या कारखान्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहितो. काका आमच्यात सर्वांत जुने आणि सर्वांत कटकटे. माझं टेबल त्यांच्यासमोर, त्यामुळे त्यांची व्याख्यानं माझ्याच नशिबी. “बघ गो, मजकूर तो मजकूर, हुकूम तो हुकूम. एकाला दुसऱ्याच्या पाटावर बसवलंस की घर बुडालंच समज.”

चार वर्षांपूर्वी साहेबांनी एक नवं अवजार आणलं. कोड लिहिताना आम्ही जागोजागी टिपा लिहितो, की हा भाग काय काम करतो वगैरे. हे अवजार त्या टिपा गोळा करून माहितीपुस्तिकेची वेबपानं आपोआप तयार करतं. काकांनी पहिल्याच दिवशी खोट काढली. टिपेत कोणी हुकूम लिहिला तर तोही जसाच्या तसा पानावर उतरतो, आणि गिऱ्हाइकाने पान उघडलं की तो चालतो. त्याचं लॉगिन भलत्याच्या हाती जाऊ शकतं.

“मयेकर, पुस्तिका वाचतो कोण?” साहेब म्हणाले. आमच्या धंद्याचं सगळं सार या वाक्यात आहे.

काकांनी वर्षभर डोकं खाल्लं आणि मग अचानक ते गप्प झाले. आम्ही ‘सुटलो’ म्हणालो. त्याच सुमारास मयेकरकाकू आजारी पडल्या, आणि दोन वर्षांपूर्वी गेल्या. काका तेराव्यानंतर कामावर आले. आम्ही चार-चार वाक्यं बोलून आपापल्या खुर्च्यांवर बसलो.

गेल्या महिन्यात वेरावळचं मोठं गिऱ्हाईक आलं. साहेब पडद्यावर पुस्तिका दाखवत होते. पाहुण्यांनी सहज मधलंच एक पान उघडायला सांगितलं, आणि समोर पाटी: ‘साहेब, मी सांगितलं होतं. – मयेकर.’

काकांनी पुराव्यासाठी ती पहिल्याच वर्षी पेरून ठेवली होती. चार वर्षांत ते पान एकाही माणसाने उघडलं नव्हतं.

पाहुणे आधी हसले, मग गंभीर झाले. भोक बुजल्याशिवाय सही नाही, म्हणाले. साहेबांनी काकांना सगळ्यांदेखत सुनावलं, “तुम्हीच उकरलंत, तुम्हीच बुजवा. सोमवारपर्यंत झालं नाही तर मंगळवारी येऊ नका.”

काम तासाभराचं. टोकदार कंस पानावर साधं अक्षर म्हणून उतरवायचा, म्हणजे तो नुसता दिसतो, चालत नाही. पण बुधवार गेला, गुरुवार गेला, काका पडद्याकडे बघत बसलेले. विचारलं की “करतो गो.”

शुक्रवारी माझा तोल गेला. “बोंबलायला सर्वांत पुढे, आणि काम अंगावर आलं की दातखीळ! नोकरी जाईल ना तुमची.”

“जाईल तर जाईल,” एवढंच म्हणाले.

मला रागच आला. शनिवारी येऊन मीच ते काम केलं आणि सगळी पानं नव्याने तयार केली. पहिलं पान ठीक होतं. दुसरं काकांनी लिहिलेलं, शीतगृहाचं तापमान तपासण्याचं. टिपेखाली, कंसात, कधीच न दिसलेली एक ओळ होती: ‘हिचा ताप आज उतरला.’

पुढच्या पानावर: ‘रिपोर्ट वाईट आहे. हिला सांगितलेलं नाही.’ त्यापुढे: ‘डबा आता मीच करतो. मीठ राहतं.’ त्यापुढे: ‘घरी गेल्यावर आज कोणाशी बोलू?’

कंसात उद्गारचिन्ह आणि दोन आडव्या रेघा घातल्या की ब्राउझर आतलं सगळं गिळतो, पानावर काही दिसत नाही; आणि काकांचा कोड आमच्यापैकी कोणी उघडत नसे. त्याच भोकात काकांनी आपलं मन दडवलं होतं. मी ते बुजवलं आणि सगळं वर आलं. शुक्रवारचं माझं बोलणं आठवून मला माझीच लाज वाटली.

मागे काका उभे होते. शनिवारी घरी तरी काय करणार?

“दिसायला लागलं ना?”

“आधीच पुसून टाकायचंत ना, काका.”

“तीनदा बसलो गो. हात होईना.” ते खुर्ची ओढून बसले. “भोक बुजवा, भोक बुजवा करून जगाला सांगणारा मी, आणि बिऱ्हाड माझंच आत.”

“मी पुसते. कोणाला कळणार नाही.”

“पूस. पायजेच पुसायला.” त्यांनी खुर्ची पडद्याजवळ सरकवली. “पण आधी एकदा सगळं वाच हां. अजून कोणी वाचलेलं नाय.”

मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.