स्थळ क्रमांक सहा : ताई

विमान सकाळी सातला उतरलं. पुढचं विमान संध्याकाळी सहाला होतं. मधल्या अकरा तासांचं काय करायचं, हा प्रश्न कुठल्याही शहाण्या माणसाने बाकड्यावर आडवं होऊन सोडवला असता. पण या विमानतळावर प्रवाशाने नुसतं आडवं होणं हा शहराचा अपमान समजला जातो. म्हणून तिथे 'थांबा सदुपयोग कक्ष' आहे. प्रवाशाच्या हातून एकही तास निरुपयोगी जाऊ नये, यासाठी तो त्याला पहिले दोन तास रांगेत उभं करतो.

रांगेत आमचे हेडक्लार्क होते. जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर तीस वर्षं बसलेला माणूस. गावात त्यांना 'उद्या-या साहेब' म्हणत. मेलेल्या माणसाचा दाखला मागायला आलेल्या विधवेला "ज्याचा दाखला तो स्वतः हजर पाहिजे" असं सांगून परत पाठवल्याची त्यांची ख्याती होती. अशा सेवेचं चीज होतंच. रांगांच्या व्यवस्थापनाचा अभ्यास करायला सरकारने त्यांना परदेशी धाडलं होतं, आणि वाटेत हे शहर लागत होतं.

या शहरात त्यांची ताई राहायची. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं. लग्न होऊन ती इथे आली, नवरा वारला, ती राहिली. नऊ वर्षांत हेडक्लार्क तिला भेटले नव्हते. रजा नव्हती असं नाही, ढिगाने होती. पण रजा काय बहिणीसाठी मोडायची असते? मागच्या महिन्यात ताईचा फोन आला होता.

"ठोंब्या, डॉक्टर म्हणतात वर्षअखेर डोळे जाणार. आत्ताच सगळं धुरकट दिसतं. त्याआधी एकदा तोंड दाखवून जा रे."

म्हणून हेडक्लार्कांनी अकरा तासांच्या थांब्याचं तिकीट घेतलं होतं. सरकारी खर्चात बहीण उरकत होती.

खिडकीमागच्या बाईंनी त्यांचा पासपोर्ट घेऊन खणात टाकला. "शहरात जायचं तर कक्षाच्या सहलीनेच. उद्देश?"

"बहिणीला भेटायचंय."

"यादीत आहे?"

यादीत मनोरा, पूल, संग्रहालय, कारंजं आणि जुना बाजार होता. बहीण नव्हती.

"वय किती त्यांचं?"

"बहात्तर."

"शंभराच्या आतलं पुरातन धरत नाही आम्ही."

इथे दुसरा कुणी असता तर खिडकीवर हात आपटला असता. हेडक्लार्कांना मात्र परक्या देशात माहेर भेटल्यासारखं झालं. ते खाली वाकून अदबीने म्हणाले, "मॅडम, 'स्थानिक जीवनाचा अनुभव' असं एखादं शीर्षक असेलच ना? त्याखाली बसवता येईल."

बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. जातवाल्याने जातवाल्याला ओळखलं. खणातून स्थळ-नोंदणीचा चार पानी अर्ज निघाला.

हेडक्लार्कांनी तो मोत्यासारख्या अक्षरात भरला. स्थळाची उंची : पाच फूट. चढण : तीन मजले, लिफ्ट नाही. स्थळाला हात लावण्यास परवानगी : आहे. एका रकान्यापाशी मात्र ते अडले : 'स्थळ कधीपर्यंत पाहण्यायोग्य?' त्यांनी लिहिलं, 'तिला दिसतंय तोवर.'

बाईंनी ते खोडलं. "स्थळाला दिसण्याची गरज नसते. प्रवाशांना दिसलं की झालं."

शिक्का बसला. स्थळ क्रमांक सहा. वेळ : सात मिनिटं. क्षमता : चाळीस.

"चाळीस?" हेडक्लार्क म्हणाले. "पण बहीण माझी एकट्याची आहे."

"नोंदणीच्या आधी होती."

त्यांनी ताईला फोन लावला. "येतोय गं. बरोबर थोडी माणसं आहेत."

"आण की. किती?"

"चाळीस."

पलीकडून खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला. मग ताई म्हणाली, "खुर्च्या तीनच आहेत रे ठोंब्या. बरं, पलंगावर बसतील."

बस निघाली. प्रत्येकाच्या डोक्यावर कक्षाची पिवळी टोपी होती. टोपी काढणाऱ्याला प्रवासी समजत नव्हते आणि प्रवासी नसलेल्याला बसमधून उतरवायचा नियम होता. मनोरा खालूनच पाहिला, कारण वर जायला वेळ नव्हता. पुलावर फोटो काढले. संग्रहालयात लोकांनी फक्त स्वच्छतागृह पाहिलं, पण 'पाहिलं' या रकान्यात खूण बसली. कारंजं बंद होतं. वाटाड्या मुलीने ते चालू असल्याचा फोटो दाखवला आणि सगळ्यांनी त्या फोटोचा फोटो काढला. हेडक्लार्क घड्याळ बघत होते आणि दर थांब्याला सहलीच्या कार्डावर शिक्का नीट बसलाय ना, तेही बघत होते.

सहाव्या स्थळाआधी वाटाड्या मुलगी ध्वनिक्षेपकात म्हणाली, "आता अस्सल घरगुती अनुभव! आत गेल्यावर सगळ्यांनी प्रेमाने म्हणायचं, 'ताई!' म्हणून बघा."

"ताई!" चाळीस गळे ओरडले. त्यातला एक भरून आला होता. तो ओळखू आला नाही.

जिन्यावर आसनक्रमाने रांग लागली. हेडक्लार्कांचं आसन अडतीस. ते पुढे घुसले.

"ओ अडतीस! रांगेत या." वाटाड्या मुलगी म्हणाली.

"अहो, माझी बहीण आहे ती!"

"सगळ्यांचीच आहे. रांगेत या."

दोन पायऱ्या पुढे टाकल्या असत्या तर? त्या पोरीने काय फासावर दिलं असतं? नाही. पण तीस वर्षं ज्याने माणसांना रांगेत उभं केलं, त्याच्या पायांना दुसरं काही येत नव्हतं. हेडक्लार्क निमूट मागे गेले. ज्या माणसाला बहिणीपेक्षा रांग जवळची वाटते, त्याच्यासाठी हळहळण्यात अर्थ नाही.

वर दार उघडलं. ताई इस्त्रीची साडी नेसून, चौकटीला धरून उभी होती. समोर धुकं, आणि धुक्यात एकामागे एक पिवळे ठिपके. पहिल्या क्रमांकावर एक फरशा विकणारा गृहस्थ होता. मिशा भरघोस, स्वभाव आज्ञाधारक.

"ताई!" तो प्रेमाने म्हणाला.

ताईने दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं. कपाळ, नाक, गाल चाचपले. डोळे बारीक करून, अगदी जवळ नेऊन, ती ते तोंड पाहत राहिली. "आलास रे ठोंब्या," ती म्हणाली आणि रडायला लागली.

फरशीवाल्याने घाबरून वाटाड्या मुलीकडे पाहिलं. तिने खूण केली : अनुभव मोडू नका.

"हो," फरशीवाला म्हणाला.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावरून हेडक्लार्क जिवाच्या आकांताने ओरडले, "ताई, मी इथे आहे!"

हाही कार्यक्रमाचाच भाग असावा असं समजून उरलेले अडतीस जण ओरडले, "ताई, मी इथे आहे!"

ताई डोळे पुसत हसली. "गुणी आहेत हो तुझे मित्र," ती फरशीवाल्याला म्हणाली.

रांग सत्ताविसाव्या क्रमांकापर्यंत सरकली आणि सात मिनिटं संपली. दारातच सगळ्यांचा एकत्र फोटो काढला, ताईने फरशीवाल्याचं तोंड पुन्हा दोन्ही हातांत धरलेलं असताना. हेडक्लार्क त्यात टोपीपुरते आले.

विमानतळावर पासपोर्ट परत मिळण्याआधी अभिप्राय देणं सक्तीचं होतं. थांब्याचा सदुपयोग झाला का? झाला. स्थळ क्रमांक सहाला किती तारे? हेडक्लार्कांनी चार दिले. जिना चढा होता.

विमानात बसताना ताईचा फोन आला. "आलास, बरं वाटलं बघ. आता डोळे गेले तरी चालतील, तुझं तोंड ठेवलंय मी. मिशा कधी ठेवल्यास रे? छान दिसतात."

हेडक्लार्कांनी आपल्या तुळतुळीत ओठावरून बोट फिरवलं.

"गेल्या वर्षी," ते म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी तो दारातला फोटो सगळ्यांना दिसेल असा टाकला. वर लिहिलं, 'लाडक्या ताईसोबत निवांत क्षण!' उड्डाण होईपर्यंत दोनशे बारा जणांनी त्याला पसंतीचा अंगठा दिला होता. त्यात एक तुमचाही आहे. ताईचे हात कुणाच्या तोंडावर आहेत, हे धडधाकट डोळे असून तुम्हीही पाहिलं नाहीत.