नानासोंच्या रानाकरिता मेढेकरणींनी केलेली रग्बीची मोहीम

‘चेंडू मागं दे, पाय पुढं टाक, आन् अंगावर कुणी बी आलं तरी माघारी वळू नगंस,’ ऐसी कैलासवासी सुभेदार कोंडीबा यांची आपल्या कन्येस निरंतर ताकीद असे. ती कन्या म्हणजे मेढे मुक्कामीच्या शाळेच्या क्रीडाशिक्षिका क्रांतीबाई. पलटणीतील रग्बी लीगची विद्या त्यांस पित्याकडोन प्राप्त जाहली, आणि तेणेकरून जी मोहीम घडली तिचा मजकूर श्रीकृपेने यथामती लिहिला आहे. उणे असेल ते देव सांभाळील.

शाळेस मैदान नाही. भाताची कापणी जाहली म्हणजे नानासो यांचे रान मोकळे, तेथे मुलींच्या फौजेची कवायत चाले. परंतु यंदा नानासोंची मर्जी फिरली आणि त्यांनी बांधावर औत आणोन ठेविले, आणि हुकूम जाहला की सांगलीची स्पर्धा उरकताच रान नांगरणार. रान गेले म्हणजे फौज मोडली, हे अवघ्यांस कळोन चुकले.

मग मसलत जाहली. हल्ल्याची तजवीज ऐसी की, शत्रूने सहा वेळा धरोन पाडावे तोवर चेंडू आपला, तितक्यात त्याची रेघ ओलांडोन चेंडू भुईस टेकवावा. बचावाची तजवीज ऐसी की, तेराही जणींनी एका ओळीत चालोन यावे, मध्ये भगदाड पडो न द्यावे. परंतु फौज अवघी कबड्डीत वाढलेली. शत्रूस धरिले की ‘बाद! बाद!’ म्हणोन कमरेवर हात ठेवीत आणि धरिलेली पोर मैदानाबाहेर जाईल म्हणोन वाट पाहत. आणि ती उठोन खेळ पुढे नेई. बिनीची सरदार रेश्मा तर शत्रूस हात लावी आणि दम धरोन आपल्याच मुलखाकडे धावत सुटे.

“अगं रेश्मे, कुठं निगालीस? हितं गडी मारायचा न्हाई!”

“बाई, पायच वळत्यात, मी काय करू?”

ऐसियास सांगलीस आटपाडीकरणींशी गाठ पडली. त्यांची सरदार राजमती बहुत मातब्बर. घनघोर झुंज जाहली, गुण समसमान, आणि समय सरत आला. खुद्द नानासो सीमेवर उभे होते. रेश्मा पुन्हा माघारी पळालेली पाहोन त्यांनी जाहीर केले, “ह्या तर घराकडंच पळत्यात! ह्या जितल्या तर बैल न लावता औत माझ्या खांद्यानं वडत घरी न्हेतो, आन् रान पोरींचं!”

“नानासो, समद्यांनी ऐकलंय बरं का,” बाई हळूच बोलिल्या.

“ऐकू द्या की!”

मग सहावी खेप आली. रेश्मास चेंडू मिळाला, राजमती आडवी आली, रेश्माने तिला हात लाविला आणि गर्रकन माघारी वळली. “पळाली गं, धरा तिला!” ऐसी हाक देवोन आटपाडीची ओळ मोडली आणि तिचे पाठी लागली. त्या समयी मेढ्याच्याच फौजेतील प्रीती मागोन भरवेगे येत होती. रेश्माचे तोंड तिच्याचकडे, सबब चेंडू तिचे ओंजळीतच ठेविला. चेंडू हाताने मागेच द्यावा ऐसा खेळाचा कायदा, आणि तो मागेच गेला, सबब बाध नाही. आणि प्रीतीने भगदाडातोन जावोन रेघेपार चेंडू भुईस टेकविला.

मग आटपाडीने निकराचा हल्ला केला. मेढेकरणींनी राजमतीस पाडिले आणि सवयीने हात कमरेकडे चालिले, तों बाई गरजल्या, “बाद न्हाई गं! मागं सरा, ओळ धरा!” आणि ओळ पुन्हा उभी राहिली, आणि शिटी वाजेतो मोडली नाही.

येणेप्रमाणे मेढ्याची फत्ते जाहली. सुभेदारांची ताकीद मोडली, हे बाईंनी कबूल केले आणि देवापुढे हात जोडिले.

सांजेस फौज गावी आली, पेढे वाटिले गेले. नानासोंनी पेढा घेतला, तो टोपीखाली ठेविला, औत ओढावयाचे दावे खांद्यावर टाकिले आणि बैलांवाचोन एकटेच रानाची वाट धरिली.