गोलरक्षकाला माणसं हवी होती

"मला त्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली," बायको पातेलं पुसता पुसता म्हणाली. "पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय."

गोलरक्षक सोफ्यावर पाय पसरून आपले हातमोजे न्याहाळत होता. मोजे कोरे करकरीत होते. देशातल्या सगळ्यात मोठ्या क्लबाचा तो राखीव गोलरक्षक होता. राखीव गोलरक्षकाचं काम म्हणजे नेहमीच्या गोलरक्षकाचा पाय मोडण्याची सभ्यपणे वाट पाहणं. ही वाट तो कित्येक हंगाम पाहत होता. पण नेहमीचा गोलरक्षक असा ठणठणीत, की त्याला साधं पडसंही होत नव्हतं.

"कुठल्या हॉस्पिटलात?"

"इथलं नाही. गाडीने अर्धा दिवस लागतो. लहानसं गाव आहे, पण चांगलं आहे म्हणतात."

"आणि माझं काय?"

"तिथेही फुटबॉलचा क्लब आहे की एक."

गोलरक्षक ताडकन उठून बसला. बायको दातांची डॉक्टर. शहरात तिचा स्वतःचा दवाखाना होता, तोही चांगला चालणारा. तो बंद करून ही बाई खेड्यापाड्याच्या वाटेला का निघाली, असा प्रश्न कुणालाही पडला असता. गोलरक्षकाला पडला नाही. त्याच्या डोक्यात स्वतःच्या त्यागाने इतकी गर्दी केली होती, की दुसऱ्या विचाराला उभं राहायलाही जागा उरली नव्हती.

"तुझ्यासाठी मी केवढं करिअर सोडतोय, कळतंय का तुला?"

"कळतंय रे. तो चमचा दे इकडे."

दुसऱ्या दिवशी त्याने मोठ्या क्लबाला फोन करून सांगितलं, की मी येणार नाही. पलीकडचा कारकून "बरं" म्हणाला. त्या एका शब्दात अख्ख्या क्लबाचं दुःख भरलं होतं, असं गोलरक्षकाने पुढे पुष्कळांना सांगितलं. मग त्याने गावच्या क्लबाला फोन लावला. अध्यक्षांनी त्याला वाक्यही पुरं करू दिलं नाही. "या हो, या! चाचणी कसली घ्यायची तुमची? सामान घेऊनच या."

"नाव ऐकूनच गार झाले," गोलरक्षक बायकोला म्हणाला.

"असतील," बायको म्हणाली.

गावच्या क्लबाची कचेरी अध्यक्षांच्या टायरच्या दुकानावर होती. तिथे स्वागताचा समारंभ झाला. खालून रबराचा वास येत होता आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून मंडळी टायरांवर बसली होती. गावातल्या वर्तमानपत्राचा वार्ताहर पुढे सरसावला.

"एवढा मोठा क्लब सोडून तुम्ही आमच्याकडे का आलात?"

खरं उत्तर तीन शब्दांचं होतं. बायकोला नोकरी लागली. पण ते तीन शब्द गोलरक्षकाच्या घशाखाली उतरेनात आणि घशातून वरही येईनात. चारचौघांत, तेही बलदंड चारचौघांत, बायकोच्या मागून आलो असं सांगायचं कसं? त्याने छताकडे पाहिलं, एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाला, "मोठ्या क्लबात सगळं असतं हो. फक्त माणसं नसतात. मला माणसांत राहायचं होतं."

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की खाली एक गिऱ्हाईक टायर फुटला समजून बाजूला झालं. अध्यक्षांनी डोळे पुसले. बायको मागच्या रांगेत बसली होती. तिला तेवढ्यात खोकला आला.

वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी ठळक मथळा होता: "मोठ्या क्लबात माणसं नाहीत!"

गाव मोठं भाबडं होतं. त्याला वाटलं, ह्याला खरंच माणसं हवी आहेत. तिसऱ्या दिवशी सकाळी गोलरक्षक दात घासत बाहेरच्या खोलीत आला, तर सोफ्यावर चौघे जण बसले होते.

"कोण आपण?"

"माणसं," त्यांतले निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले. "तुमचं वाचलं. म्हटलं, जाऊन बसू. तुम्ही चालू द्या तुमचं."

त्याने त्यांच्यासमोर चूळ भरली. ते कौतुकाने बघत राहिले. मुख्याध्यापकांनी फक्त, ब्रश जरा जोरात चालवता, एवढी सूचना केली. उद्या येतो म्हणून ती मंडळी गेली आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट आली. मग आमंत्रणं सुरू झाली. शिलाई यंत्राच्या दुकानाचं उद्घाटन, पिठाच्या गिरणीच्या नव्या पट्ट्याचं उद्घाटन, कुणाच्या तरी पुतणीच्या संगीताच्या क्लासचं उद्घाटन. नाही म्हणायची सोय नव्हती. माणसं नकोत असं कसं म्हणणार? सरावाच्या वेळी तो कुठे ना कुठे कात्री हातात घेऊन उभा असे.

शेवटी प्रशिक्षकाने त्याला गाठलं. "साहेब, उद्यापासून मैदानावर आलात तर उपकार होतील. हवं तर दोन खांबांना फीत बांधून ठेवतो."

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण तो मथळा फिरत फिरत मोठ्या क्लबापर्यंत पोचला. तिथल्या व्यवस्थापकाचा अध्यक्षांना फोन आला. "आमच्याकडे माणसं नाहीत म्हणे? अकरा घेऊन येतो. मैदान तयार ठेवा."

घाबरून जावं अशी ही गोष्ट. पण अध्यक्ष आनंदाने वेडे झाले. एवढा मोठा संघ आपल्या मैदानावर फुकट येतोय म्हणजे काय! त्यांनी टायरच्या दुकानापासून मैदानापर्यंत फलक लावले. फलकांवर गोलरक्षक हाताची घडी घालून उभा होता आणि खाली लिहिलं होतं, "आमचा माणूस!"

आमच्या माणसाची मात्र झोप उडाली. मोठ्या क्लबाच्या आघाडीच्या खेळाडूला सगळे 'तोफ' म्हणत. सरावात गोलरक्षक कित्येक हंगाम त्या तोफेच्या तोंडी उभा राहिला होता आणि तिचा एखादा गोळा आपण अडवल्याचं त्याला काही आठवत नव्हतं.

"माझं बोट दुखतंय गं," सामन्याच्या आदल्या संध्याकाळी तो बायकोला म्हणाला. "तू डॉक्टर आहेस. खेळू नका, असं लिहून दे ना."

"मी दातांची डॉक्टर आहे. बोटाला दात फुटले की ये."

"थट्टा नको करूस. मी उद्या हसं करून घेणार आहे. आणि कुणामुळे आलो मी ह्या गावात?"

ती काहीतरी बोलणार होती. पण तिने त्याचं बोट हातात घेतलं, हलवून पाहिलं आणि म्हणाली, "बोट उत्तम आहे. बसून बसून कंटाळला नाहीस का रे? एकदा उभा तर राहा."

सामन्याला सगळं गाव लोटलं. मोठ्या क्लबाचे खेळाडू बसमधून उतरले. गोलरक्षक छाती काढून समोर गेला. जुने सोबती भेटणार, टोमणे मारणार, त्यांना काय उत्तरं द्यायची ती त्याने घोकून ठेवली होती. मोठ्या क्लबाच्या प्रशिक्षकाने त्याचा हात हातात घेतला, हलवला आणि विचारलं, "बाथरूम कुठे आहे?"

"सर, मी..."

"नसेल तर राहू द्या," प्रशिक्षक म्हणाला आणि पुढे गेला.

मग सामना सुरू झाला. खरं म्हणजे त्याला सामना म्हणणं धाडसाचं आहे. मध्यंतरापर्यंत चेंडू गोलरक्षकाच्या डावीकडून, उजवीकडून, डोक्यावरून आणि एकदा तर दोन पायांमधूनही जाळ्यात गेला. प्रत्येक वेळी गाव टाळ्या वाजवून म्हणे, "असू द्या, असू द्या!" त्याला शिव्या चालल्या असत्या. ती माया त्याला सहन होत नव्हती.

सामना संपत आला आणि तोफ पुन्हा मोकळी सुटली. अंगणात शिरल्यासारखी ती आरामात गोलपाशी आली आणि तिने पाय उगारला. गोलरक्षकाने डोळे मिटले, हात पसरले आणि जीव खाऊन ओरडला, "माझाऽऽ!"

चेंडू त्या 'झा'वर बसला. तोंडावर आदळून तो आडव्या दांडीवरून पलीकडे गेला आणि गोलरक्षक उताणा पडला. गोल वाचला होता! गाव बेभान झालं. मुख्याध्यापकांनी शेजारच्या अनोळखी गृहस्थांना मिठी मारली.

कुंपणावरून उडी मारून बायको मैदानात धावत आली. नवऱ्याच्या तोंडात तिने एक नजर टाकली आणि ती जोरात ओरडली, "कुणी पाय हलवू नका! दात पडलाय! आख्खा पडलाय, बसवता येईल. शोधा!"

दातांच्या डॉक्टरच्या आवाजात एक जरब असते. तोंड उघड म्हटलं की माणूस उघडतोच. दोन्ही संघ, पंच, राखीव खेळाडू, झाडून सगळे गुडघ्यांवर बसले आणि गवत चाचपू लागले. तोफ तर पोटावर पालथी पडून गवताची पाती एकेक करून बाजूला सारत होती. शेवटी दात तिलाच सापडला.

"धुऊ का?"

"घासू नकोस! चहावाल्याकडून दूध आण आणि त्यात टाक. पळ!"

देशातला सगळ्यात वेगवान खेळाडू चहाच्या पेल्यात दात घेऊन पळत सुटला. वार्ताहराने तेवढ्यात फोटो काढला. किती गोल झाले ते पुढे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. दुसऱ्या दिवशीचा मथळा मात्र अजून अध्यक्षांच्या दुकानात चिकटवलेला आहे: "मोठा क्लब गुडघ्यावर!"

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी गोलरक्षक हॉस्पिटलातल्या खुर्चीत आडवा पडला होता. दात जागेवर बसवून बायको त्याला बारीक तारेने शेजारच्या दातांशी बांधत होती. त्याच्या दोन्ही गालांत कापूस होता. बोलायची बंदी होती. आणि ह्याच वेळी दार ढकलून अध्यक्ष आत आले. चेहरा पांढराफटक.

"बाई, घात झाला! त्यांच्या प्रशिक्षकाला ह्यांचा खेळ आवडला. म्हणतो, असा जिवावर उदार होणारा गोलरक्षक आम्हाला द्या. आमची राखीव गोलरक्षकाची जागा रिकामी आहे. आधीचा कुठे गेला कोण जाणे."

खुर्चीतून "आँ?" असा आवाज आला.

"मी म्हटलं, अहो, तो हाच! तर म्हणतो, असेल. बाक माझ्या पाठीमागे असतं, मी तोंडं बघितली नाहीत." अध्यक्ष स्टुलावर मटकन बसले. "बाई, तुम्ही जाऊ नका हो. गोलरक्षकाचं काय एवढं! आमचा पोस्टमन होता की चांगला. पण दातांचा डॉक्टर? सात वर्षं जाहिरात देतोय, कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. हॉस्पिटलच्या कमिटीवर मीच आहे. तुम्ही म्हणालात, नवऱ्याला संघात घ्या तर येते. घेतलं की नाही? चाचणीसुद्धा घेतली नाही, म्हटलं नको तो धोका!"

"अध्यक्ष," बायको शांतपणे म्हणाली, "आम्ही कुठे जात नाही. तुम्ही बाहेर बसा."

अध्यक्ष हात जोडत बाहेर गेले. गोलरक्षकाचे डोळे एवढे मोठे झाले होते, की वरच्या दिव्याचा उजेड त्यांत मावत होता. बायकोने तार पिळली.

"मोठ्या क्लबाने पुढच्या हंगामाला तुला ठेवायचं नाही असं ठरवलं होतं," ती कामावरची नजर न हलवता म्हणाली. "त्यांच्या कारकुनाचा फोन आला तेव्हा तू झोपला होतास. म्हणाला, वहिनी, तुम्हीच समजुतीने सांगा. मी सगळीकडे विचारलं रे. कुणी घेईना. मग अशी जागा शोधली, जिथे क्लब आहे आणि दातांचा डॉक्टर नाही. इथल्या लोकांचे दात भयंकर आहेत, म्हणून तुझं जमलं."

गोलरक्षकाला पुष्कळ बोलायचं होतं. तुझा दवाखाना, असं म्हणायचं होतं. मी रोज तुला ऐकवत होतो, असंही म्हणायचं होतं. तोंडातून फक्त "आऽऽ, आऽऽ" बाहेर आलं.

"जिभेने तारेला हात लावू नकोस," बायको म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसली. मग तिने त्याच्या कपाळावरचं गवताचं पातं काढून टाकलं. "आणि उद्या सकाळी ती माणसं आली ना, तर त्यांना सांग, एकेकाने दवाखान्यात यायचं. मुख्याध्यापकांची तर अक्कलदाढच काढायला झालीय."

गोलरक्षकाने मान डोलावली. ती जन्मात पहिल्यांदा, काहीही न बोलता, डोलावली.